कळवळ्याचा कारभार

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेहून शेगावला निघायचं तर आधी मोताळा, मग मलकापूर किंवा नांदुरा, आणि पुढे मुंबई-हावडा मार्गावरची एखादी गाडी. शेगाव स्टेशनाबाहेर गजानन महाराज संस्थानची बस उभी असते, तिला तिकीट नसतं. मंदिरापाशी उतरलं की पहिली गाठ पडते ती जोडे ठेवणाऱ्याशी. पांढऱ्या कपड्यांतला, साठीच्या आसपासचा एक माणूस समोरच्याचे धुळीने माखलेले जोडे स्वतःच्या हाताने उचलतो, कप्प्यात ठेवतो, बिल्ला देतो आणि ‘माउली’ म्हणतो. परत येताना कोणी दहाची नोट पुढे केली तर तो नुसते हात जोडतो. हा माणूस गावाकडे पाच-सात एकरांचा धनी असेल, निवृत्त मुख्याध्यापक असेल, एखाद्या बँकेतला अधिकारीही असेल. त्याला इथे पगार नाही. उलट या कामासाठी नंबर लागावा म्हणून त्याने घरी वाट पाहिलेली असते.

अशा सेवेकऱ्यांना शेगावात सेवाधारी म्हणतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या गावागावांतून ते पाळीपाळीने येतात, नेमून दिलेले दिवस राबतात आणि आपल्या शेतावर, आपल्या नोकरीवर परततात. झाडलोट, पंगतीतलं वाढणं, भांडी, दर्शनबारी, स्वच्छतागृहं, सगळीकडे तेच. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा आला की मूर्तीइतकाच स्वच्छतागृहांबद्दल बोलतो, आणि त्यात वावगं काही नाही. महाराष्ट्रात मोठ्या यात्रेच्या ठिकाणी स्वच्छ मुतारी सापडणं हे आश्चर्यच आहे. हजारो माणसांना पगाराविना, धाकाविना, वर्षानुवर्षं कामाला लावणारी ही व्यवस्था कोणी आणि कशी उभी केली, हा प्रश्न व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांनाही पडला आणि त्या शेगावला येऊ लागल्या. त्यांना तिथे तक्ते आणि आलेख फारसे सापडले नसतील. सापडला असेल तो एक धोतर-सदऱ्यातला माणूस, शिवशंकरभाऊ पाटील.

थोडं मागे जायला हवं. माघ वद्य सप्तमीला, २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायी पोथीतला तो प्रसंग वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे: देविदास पातुरकरांच्या घरासमोर उष्ट्या पत्रावळी टाकलेल्या, आणि त्यांतली शितं वेचून खाणारा एक तरुण. बंकटलाल आगरवालांनी त्याला ओळखलं, म्हणजे वेडा समजून हाकललं नाही. याच पोथीत अकोलीच्या भास्कर पाटलाची कथा आहे. उन्हातान्हात शेतात राबणारा हा शेतकरी महाराजांनी पाणी मागितलं तेव्हा खेकसला. पुढे त्याच्या कोरड्या विहिरीला पाणी लागलं आणि तो त्यांचाच झाला. चमत्कारावर कोणाचा विश्वास असो वा नसो, अन्न आणि पाणी या दोन गोष्टींवर ही परंपरा उभी आहे एवढं त्यातून नक्की दिसतं. १९०८ साली, महाराज हयात असतानाच, संस्थानचं विश्वस्त मंडळ झालं. ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, महाराजांनी समाधी घेतली.

पुढची पन्नास वर्षं संस्थान चालत राहिलं, जशी बहुतेक देवस्थानं चालतात. १९६० च्या दशकात शिवशंकरभाऊ विश्वस्त मंडळात आले तेव्हा ते विशीतले होते. तिथून ४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, शेगावातच त्यांचं निधन झालं तोवर पाच दशकांहून अधिक काळ या कारभारावर त्यांची छाया होती. त्या काळात शेगावचं काय झालं हे आकड्यांपेक्षा यादीतून जास्त कळतं. १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, विदर्भातल्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतलं ते सुरुवातीचं. मतिमंद मुलांसाठी शाळा निघाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांसाठी फिरतं रुग्णालय सुरू झालं. पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर इथे शाखा झाल्या. गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा आणि ज्ञानेश्वरी-गाथ्यासारखे ग्रंथ पोचू लागले. दुष्काळी समजल्या जाणाऱ्या मुलखात तीनशे एकरांच्या आसपासच्या जागेवर तलाव आणि झाडीसह आनंदसागर उभं राहिलं. सेवाप्रकल्पांची संख्या चाळिसांच्या वर गेली.

पण यादी म्हणजे माणूस नव्हे. भाऊंबद्दल शेगावात जे आवर्जून सांगतात ते वेगळं आहे: हा माणूस संस्थानचं पाणीही पीत नसे. घरून डबा येई, पाणी घरून येई. हजारोंच्या पंगती ज्याच्या देखरेखीखाली उठत त्याने त्या पंगतीतला घास घेतला नाही. ऐकणाऱ्याला आधी हे वैराग्याचं प्रदर्शन वाटू शकतं. नीट पाहिलं तर तो कारभाराचा भाग होता. जो वरती बसतो त्याने काही घेतलं नाही की खालच्याला घेण्याची सबब उरत नाही. जोडे ठेवणारा दहाची नोट नाकारतो त्याचं मूळ इथे आहे. परिपत्रक काढून ते साधलं नसतं.

वऱ्हाडाला ही रीत नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, ती आधी घालून दिली होती. योगायोग असा की गजानन महाराजांचा प्रकटदिन आणि बाबांचा जन्मदिन इंग्रजी तारखेने एकच येतो. १९०५ साली घर सोडलेल्या या निरक्षर माणसाने हातात खराटा घेतला. ज्या गावात कीर्तन करायचं ते गाव आधी झाडायचं, मग बोलायचं. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी, मुंबई इथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि स्वतःच्या नातलगांना त्यांनी त्यांत हक्क मिळू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कर्करोग्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या उपयोगी पडते. गावाकडून मुंबईला रुग्ण घेऊन गेलेल्या कुटुंबाला विचारावं, रात्री पाठ टेकायला जागा मिळणं म्हणजे काय. डॉक्टर औषध देईल, पण फुटपाथवर झोपलेल्या नातेवाइकाला घोंगडी कोण देणार, हे ज्याला सुचलं त्याला पुढारी म्हणायचं की संत, याचा वाद अभ्यासकांनी घालावा.

इथे एक गैरसमज बाजूला सारायला हवा. प्रेमळ पुढारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक मवाळ, सगळ्यांना होकार देणारा, कोणाला न दुखावणारा माणूस येतो. लग्नाला येतो, मयतीला येतो, पाठीवर हात ठेवतो. हे सगळं चांगलंच आहे, पण गावच्या टाकीत पाणी नसेल तर त्या हाताचा उपयोग काय? गाडगेबाबा मवाळ नव्हते. कीर्तनात श्रोत्यांना सरळ फैलावर घेत. शेगावची शिस्तही कडकच आहे. पंगतीत पानात टाकलेलं चालत नाही, दर्शनबारीत मधे घुसता येत नाही, सेवाधाऱ्याला कामावर गप्पा मारत बसता येत नाही. फरक एवढाच की शिस्त लावणारा आधी ‘माउली’ म्हणतो.

आषाढीला याच शिस्तीत शेगावची पालखी पायी पंढरपूरला जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हा क्रम आहे. सुमारे सातशे वारकरी, दोन-दोनच्या ओळी, पांढरे कपडे, खांद्यावर पताका, आणि एका टाळावर पडणारी पावलं. परतीच्या वाटेवर पालखी जालन्याहून सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करत खामगावला येते, आणि खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात लाखो माणसं तिच्याबरोबर चालतात. श्रावणातली चिखलाची वाट, दुतर्फा चहा-फराळ वाटणारी मंडळी, पायांना तेल चोळून देणारी पोरं. एवढी गर्दी कोणी लाठीने आवरत नाही. ओळीतून बाहेर पडलेल्याला शेजारचाच आत घेतो.

आता खरा आक्षेप. हे सगळं महाराजांच्या नावावर चालतं, भक्ती आहे म्हणून माणसं फुकट राबतात, ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत असं होईल का? आक्षेप वजनदार आहे. सेवाधारी जोडे उचलतो तेव्हा तो भाऊंसाठी उचलत नाही, महाराजांसाठी उचलतो, हे खरंच. तलाठ्यामागे कोणी महाराज नाहीत. म्हणून देवळाबाहेर, महसुलाच्या आणि फौजेच्या रुक्ष कारभारात कळवळा कसा दिसतो ते पाहिलं पाहिजे. त्यासाठी पालखीच्याच वाटेवरच्या सिंदखेडराजाला थांबायला हवं.

लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, असं मानलं जातं. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त केलं, त्याच सुमारास दख्खनचा भीषण दुष्काळ पडला, आणि त्या उजाड जहागिरीत जिजाऊ आपल्या मुलाला घेऊन राहायला आल्या. तिथे फिरवलेल्या सोन्याच्या फाळाच्या नांगराची आठवण सगळे सांगतात. फाळ सोन्याचा होता की नव्हता याहून महत्त्वाचं हे की तो नांगर होता. उजाड गाव पुन्हा वसवताना तिथल्या माणसाला आधी काय लागतं, हे त्या मुलाने लहानपणी पाहिलं. त्याचं फलित पुढे कागदावर उतरलेलं सापडतं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला गेलेलं पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. १६७० च्या दशकातलं, पावसाळ्याच्या तोंडावरचं. घोडदळ तळ देऊन राहिलंय, दाणा-वैरणीचा साठा मोठ्या कष्टाने जमवलाय. महाराज जुमलेदारांना बजावतात की हा साठा बेतानेच वापरा, नाहीतर ऐन पावसात तो संपेल, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलायला लागाल. मग ते बिचारे पळतील, मरतील, आणि म्हणतील याहून मोगल बरे. लागेल ते बाजारातून पैसे देऊन विकत आणा. यापुढचा तपशील तर वाचताना थांबायला लावतो. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा तसाच जळत ठेवील, आणि एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल. सगळं गवत जळून जाईल. एक राजा, ज्याच्यापुढे मोगल आणि आदिलशाही दोन्ही उभी आहेत, तो उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतोय. का? गवत जळलं की शेवटी भुर्दंड कुणब्याला, हे त्याला दिसत होतं म्हणून.

दुसरं पत्र ५ सप्टेंबर १६७६ चं, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला. त्यात दयेची भाषा कमी आणि कामाची जास्त आहे. गावोगाव जा, कुणबी गोळा करा, कोणाकडे माणूसबळ किती, बैल किती ते पाहा. हात आहेत पण बैल नाहीत अशाला दोन-चार बैलांचे पैसे द्या, पोटाला धान्य द्या, बी द्या. परतफेड? वाढीदिडी, म्हणजे व्याज, घ्यायचं नाही. फक्त मुद्दल, तेही एकदम नाही, त्याला ताकद येईल तसं थोडं थोडं. त्यासाठी दोन लाख लारींपर्यंत (लारी हे त्या काळचं नाणं) खर्च झाला तरी चालेल. जुनी बाकी ज्याच्याकडून येणं शक्यच नाही तीही कळवा, म्हणजे माफ करण्याचा विचार करता येईल. सावकारी पाशात अडकलेल्या कपाशीच्या मुलखात हे पत्र वाचताना साडेतीनशे वर्षांचं अंतर जाणवत नाही. कळवळा म्हणजे सुस्कारा नव्हे, तर बैलांची मोजदाद, बियाण्याची रक्कम आणि वसुलीची मुदत, हे त्या पत्राच्या ओळीओळीत आहे.

एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही असंच केलं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या. आणि गंगाराम कांबळे या दलित कर्मचाऱ्याने हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथे चहा प्यायला जाऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. जाहीरनामा आणि चहाचा कप, दोन्ही लागतात. नुसत्या जाहीरनाम्याने गंगारामचं हॉटेल चाललं नसतं आणि नुसत्या चहाने कोणाला नोकरी लागली नसती.

अलीकडच्या अभ्यासकांनी या कळवळ्याला मोजमाप लावून पाहिलं. अमेरिकेतल्या सिगल बारसेड आणि ऑलिव्हिया ओ’नील यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्या रुग्णांच्या एका संस्थेत त्यांनी १६ महिन्यांच्या अंतराने पाहणी केली: १८५ कर्मचारी, १०८ रुग्ण आणि ४२ नातेवाईक. कर्मचारी एकमेकांशी जिव्हाळ्याने, मायेने वागतात का, हे त्यांनी तपासलं. जिथे तसं वातावरण होतं तिथे कर्मचाऱ्यांच्या दांड्या कमी होत्या, कामाने पिचून जाणं कमी होतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे रुग्णांची मनःस्थिती आणि जगण्याची प्रत बरी होती, त्यांना तातडीने इस्पितळात हलवावं लागण्याचे प्रसंगही कमी होते. रुग्णांवर प्रेम करायला कोणी सांगितलं नव्हतं. कर्मचाऱ्यांनी एकमेकांवर केलं आणि ते रुग्णांपर्यंत झिरपलं. शेगावात भाऊ सेवाधाऱ्याला ‘माउली’ म्हणत आणि तो भक्ताला ‘माउली’ म्हणे, तसंच हे.

जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत टानिया झिंगर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक भेद दाखवला. दुसऱ्याचं दुःख पाहून स्वतः दुःखात बुडणं वेगळं आणि त्याचं बरं व्हावं या इच्छेने त्याच्याकडे पाहणं वेगळं. पहिल्याचा सराव केलेली माणसं खचत गेली, दुसऱ्याचा सराव केल्यावर त्यांना उभारी आली. पुढाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार कामाचा आहे. गारपिटीनंतर शेतात जाऊन शेतकऱ्याच्या गळ्यात पडून रडणारा आणि पंचनामा आजच्या आज व्हावा म्हणून तलाठ्याला जागेवर उभा करणारा, दोघांनाही मायाळू म्हणतात. पीक गेलेल्या माणसाला कोण हवा असतो, हे त्यालाच विचारावं.

शेगावच्या कारभाराची एक मर्यादाही आहे. जिथे एका माणसाच्या नैतिक वजनावर सगळं तोललेलं असतं तिथे तो माणूस गेल्यावर काय, ही धास्ती राहते. भाऊंनी याचं उत्तर माणसात न ठेवता रीतीत ठेवलं: पाळ्या, नेमणुका, ठरलेली कामं, ठरलेल्या वेळा. भाऊ गेल्यावरही बस स्टेशनवर येते आणि जोडे घेणारे हात पुढे होतात. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलाजवळ गेले. दादरची धर्मशाळा अजून चालू आहे. माणसाच्या कळवळ्याचं शिस्तीत रूपांतर झालं तरच तो त्याच्यामागे टिकतो. नाहीतर आठवणी आणि पुतळे उरतात, आणि वऱ्हाडात दोन्हींची कमतरता नाही.

धामणगाव बढेत, शेजारच्या पिंपळगावात, मोताळ्यात, कुठेही ग्रामसभा होतेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा बहुतेक गावांच्या ओळखीच्या आहेत. तिथे जाऊन सरपंचाला आणि सदस्यांना नेहमीचे निधीचे प्रश्न जरूर विचारावेत. पण त्याबरोबर हेही विचारावं: एसटीच्या थांब्यावर म्हाताऱ्या माणसाला बसायला सावली आहे का? जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का? दवाखान्यात रात्री आलेल्या बाईबरोबरच्या माणसाने कुठे थांबायचं? उत्तर मिळालं तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि पुढच्या सभेत तेच पान काढून वाचायला लावावं.